मदत हवी आहे : शाळेतल्या मुलांना दूध, अनुदान कुठून?

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. पहिली ते पाचवी, बहुतेक मुलं पावरा समाजाची. आईवडील पहाटेच मजुरीला जातात, त्यामुळे पोरं उपाशीच येतात. परवा परिपाठात दुसरीतली एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. विचारलं तर म्हणे, रात्रीची अर्धी भाकर खाल्ली होती. दुपारची खिचडी मिळते, पण तोवर काय?

गावातल्या डेअरीचे भाऊ रोज दहा लिटर दूध खरेदीच्या भावात द्यायला तयार आहेत. साठ मुलांना प्रत्येकी दीडशे मिली म्हटलं तर नऊ लिटर लागतं, म्हणजे भागतं. कर्नाटकात २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेत सरकारच दीडशे मिली दूध देतं. तिथे दूध भुकटीपासून करतात, आपल्याकडे तर ताजं दूध दारात आहे!

पोषण आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० वाटून घेतात, पण पाचवीपर्यंतचं ते गणित ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांच्या जेवणाचं. सकाळचं दूध त्यात बसवता येईल का? धुळे-नंदुरबारकडे कुणी आदिवासी विकास विभागाकडून, ग्रामपंचायतीच्या निधीतून किंवा तिथी भोजनातून (सण-वाढदिवसाला गावकरी शाळेतल्या मुलांना खाऊ घालतात त्यातून) दूध सुरू केलंय का? प्रस्ताव कुणाकडे दिला? दूध तपासणीची नोंद कशी ठेवता? ठरावाचा नमुना असेल तर कृपया टाका. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक सोमवारी आहे.