मदत हवी आहे: छापून न आलेल्या टाय-इन कथेचं काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

तीन वर्षांपूर्वी एका परदेशी प्रकाशनाच्या संपादिकेने माझ्या दोन इंग्रजी कथा वाचून मला विचारलं. एका गाजलेल्या विज्ञानकथा-मालिकेच्या विश्वात घडणाऱ्या नव्या कथांचा संग्रह निघणार होता, त्यात एक लिहाल का? (मालिकेचं नाव घेत नाही, एनडीएवर, म्हणजे गोपनीयतेच्या करारावर, सही केली आहे.) फॅनफिक (चाहत्यांनी हौसेने लिहिलेल्या कथा) नव्हे, रीतसर परवाना घेऊन काढायचं पुस्तक, म्हणजेच टाय-इन. मी त्या मालिकेवर वाढलेली, त्यामुळे आठवडाभर हवेतच होते.

एक पानाची रूपरेषा दिली, ती मंजूर झाली, मग मालिकेचं 'बायबल' आलं: कोणतं जहाज किती लांब, कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं, काय अजिबात लिहायचं नाही. कथा लिहून दिल्यावर हक्कधारक कंपनीकडून शेरे आले. 'या ग्रहाला दोनच चंद्र आहेत, तिसरा काढा.' काढला. 'आमच्या जहाजांना गंज चढत नाही.' माझ्या कथेत गंज होता, कारण कथा जहाजदुरुस्तीच्या तळावरची. गंजाचा मी 'काजळी' केला. 'कॅप्टन दुसऱ्यांसमोर खाली बसत नाही.' इथे मी भांडले. शेवटी तो एका गुडघ्यावर टेकेल, असं ठरलं.

कथा एका म्हाताऱ्या वेल्डरबाईची आहे. लढाईतून परत आलेलं जहाज तिच्याकडे दुरुस्तीला येतं. एक बंद पडलेला कप्पा कापताना तिला पत्र्याच्या आतल्या बाजूला बारीक खळगे दिसतात, चमच्याने ठोकल्यासारखे. ती मोजते. एक्केचाळीस. मग जहाज न्यायला कॅप्टन येतो, आणि त्याला हे सांगायचं की नाही, एवढीच गोष्ट.

कथा स्वीकारली गेली, अर्धं मानधन मिळालं, आणि पुस्तक रद्द झालं. प्रकाशनाच्या परवान्याची मुदत वाढवली गेली नाही, असं दोन ओळींच्या मेलमध्ये कळलं. संपादिकेने नंतर ती नोकरी सोडली. कथा माझ्या ड्राइव्हमध्ये पडून आहे.

आता प्रश्न. फुकट ब्लॉगवर टाकली तर चालेल का? नावं बदलून मासिकाला पाठवता येईल का? आणि मराठीत अनुवाद करून इथे टाकली तर? कोणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज सांगा. 'दुसरी लिही' हा सल्ला घरून मिळालेला आहे.

– काजळी

निवांत:
कॅप्टनचं नाव बदला आणि द्या पाठवून. कोण बघतंय?
(कथा इथेच टाका की. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

कलमबहाद्दर:
निवांतराव, बघायला पगारी माणसं असतात.

काजळीताई, मी वकील नाही, पण भाषांतराच्या निमित्ताने असले करार वाचून डोळे गेलेत. तुमचे तिन्ही प्रश्न एका कागदावर अडलेत, तो म्हणजे करार. त्यात 'वर्क मेड फॉर हायर' (पैसे देऊन करून घेतलेलं काम) हे शब्द आहेत का ते आधी बघा. बहुतेक टाय-इन करारांत असतात. ते असतील आणि करार पक्का असेल, तर कायद्याच्या नजरेत कथेचे लेखक तुम्ही नाहीच, ते आहेत. म्हणजे कॅप्टन त्यांचा, जहाज त्यांचं, आणि तुम्ही स्वतः घडवलेली वेल्डरबाईसुद्धा त्यांची. पुस्तक निघालं नाही म्हणून हक्क आपोआप परत येत नाहीत. परत येण्याचं वेगळं कलम लागतं. अमेरिकेत लेखकाला पस्तीस वर्षांनी हक्क परत मागण्याची सोय आहे (कलम २०३), पण वर्क फॉर हायरला तीही नाही.

आता बारीक गोष्ट. अमेरिकन कायदा लागू असेल (करारात शेवटी कुठे तरी लिहिलेलं असतं), तर १९७६च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १०१ प्रमाणे, नोकरीत नसलेल्या माणसाकडून करून घेतलेलं काम 'फॉर हायर' ठरायला दोन अटी आहेत. ते ठरावीक नऊ प्रकारांत बसावं लागतं. संग्रहातला मजकूर त्यात बसतो, तिथे तुमची सुटका नाही. दुसरी अट, तसं लेखी ठरलेलं असावं आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात. दोन्ही. संपादिकेने मेलवर 'ठरलं हं' म्हटलं, एवढ्याने भागत नाही.

फुकट ब्लॉगबद्दल: 'पैसे घेत नाही म्हणजे चालतं' हा गैरसमज आहे. पैसे न घेणं हा न्यायालयात एक मुद्दा असतो, परवाना नव्हे. आणि अनुवादाचा हक्क हा मूळ हक्कातलाच एक आहे, तेव्हा मराठीत केल्याने कथा तुमची होत नाही. एनडीए आहे तो वेगळाच.

अंतराळवेडी:
अगं, कसली कथा आहे! एक्केचाळीस खळगे वाचून अंगावर काटा आला. कुठेही टाकलीस तरी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

तुझ्यासारखे बरेच आहेत हे सांगायला आले. २००९च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटानंतर त्या नव्या विश्वातल्या चार कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या, २०१०मध्ये यायच्या होत्या, आणि त्याच वर्षी जानेवारीत चारही मागे घेतल्या गेल्या. अ‍ॅलन डीन फॉस्टर आणि डेव्हिड मॅक यांच्या दोन थेट २०२०मध्ये निघाल्या. दहा वर्षं! तिसरे ख्रिस्तोफर बेनेट, त्यांनी आपल्यातला काही भाग पुढे जुन्या मालिकेवरच्या कादंबरीत वापरला. 'स्टार वॉर्स'मध्ये केनेथ फ्लिंट यांची 'हार्ट ऑफ द जेडाय' नव्वदच्या दशकात अशीच कपाटात गेली आणि वीसेक वर्षांनी चाहत्यांच्या साइटवर वाचायला मिळाली, लेखकाच्या संमतीने.

कलमबहाद्दर:
@अंतराळवेडी, ती साइटवर टिकली म्हणजे परवानगी होती असं नाही. काणाडोळा केला असेल. काणाडोळा कधीही मागे घेता येतो.

निवांत:
मग नावं बदलली तरी अडकणार? मग तर कोणीच कोणासारखं लिहू नये.

जुनाट टेप:
निवांत, नावं बदलणं आणि गोष्ट बदलणं यात फरक आहे, आणि तो बघायचा तर ब्रिटिश लेखक डग्लस अ‍ॅडम्सकडे बघा. हा माझा आवडता विषय असल्याने लांबणार आहे.

अ‍ॅडम्सने 'डॉक्टर हू' या, डॉक्टर नावाच्या कालप्रवाशाच्या टीव्ही मालिकेसाठी क्रिकेटवरून सुचलेल्या यंत्रमानवांची एक गोष्ट बीबीसीला दिली होती. नाकारली गेली. तेच कथानक त्याने १९८२मध्ये 'हिचहायकर' या आपल्या विनोदी विज्ञानकथा-मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकात वापरलं. डॉक्टर गेला, त्याची कामं तिथल्या पात्रांत वाटली गेली, आणि वाटताना गंमत झाली: डॉक्टर जग वाचवायला धावतो, हिचहायकरमधल्यांना ते वाचवायचंच नसतं. पूर्ण चव बदलली.

दुसरं उदाहरण तुमच्या जास्त जवळचं, काजळी. १९७९मध्ये त्याने 'डॉक्टर हू'साठी 'शाडा' लिहिली. चित्रीकरण संपामुळे अर्धवट राहिलं, त्या वेळी प्रक्षेपण झालंच नाही. त्यात प्रोफेसर क्रोनोटिस नावाचा म्हातारा आहे, केंब्रिजच्या कॉलेजात राहणारा टाइम लॉर्ड (डॉक्टरच्याच जमातीचा), आणि त्याच्या खोल्या हेच त्याचं कालयंत्र. १९८७च्या डर्क जेंटली या त्याच्याच गुप्तहेराच्या पहिल्या पुस्तकात हाच प्रोफेसर, याच नावाने, केंब्रिजातच, खोल्यांच्या कालयंत्रासकट हजर! नाहीत ते फक्त 'टाइम लॉर्ड' हे शब्द आणि डॉक्टर. हे त्याला जमलं कारण त्या काळी बीबीसीच्या लेखकांना स्वतः निर्माण केलेल्या पात्रांवर हक्क ठेवता येत असे. डालेक या 'डॉक्टर हू'मधल्या खलनायकांवर त्यांचा निर्माता टेरी नेशनचा हक्क होता तो असाच. म्हणजे कलमबहाद्दर म्हणतात तेच, पात्र कोणाचं हे करार ठरवतो.

पण कराराआधी एक काम फुकटात होतं. कॅप्टन काढा आणि वाचून बघा. गोष्ट उभी राहते का?

कलमबहाद्दर:
वरच्यात भर. करार वाईटात वाईट निघाला तरी कल्पनेवर कॉपीराइट नसतो. 'बंद कप्प्यातल्या खुणा कोणाला तरी सापडतात' ही कल्पना कोणाच्याच मालकीची नाही. वाक्यं, पात्रं, प्रसंगांची बांधणी यांच्यावर हक्क असतो. तेव्हा अगदी वेळ आली तर कोऱ्या पानावर, जुनी फाइल न उघडता, वेगळी कथा.

१९८९चा अँडरसन विरुद्ध स्टॅलोन हा खटलाही बघून ठेवा. अँडरसनने 'रॉकी ३' पाहून आपणहून चौथ्या भागाची रूपरेषा लिहिली होती. न्यायालय म्हणालं, दुसऱ्याची पात्रं विनापरवाना घेतलीत, त्यामुळे तुमच्या मजकुरावर तुम्हालाही हक्क नाही. तुमचं तसं नाही. तुम्हाला लिहायला सांगितलं होतं. हा फरक तुमच्या बाजूचा आहे.

काजळी:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री जुनाट टेप यांचा प्रयोग केला. कॅप्टन काढला.

कॅप्टन सोपा निघाला, खरं सांगायचं तर. त्याच्या जागी जहाज न्यायला आलेला एक कारकून बसवला, हातात पावती-पुस्तक. आणि तो खाली बसू शकतो! तीन मेल भांडून मिळवलेला गुडघा मला नकोच होता हे आता कळलं. तो सरळ फतकल मारून बसतो आणि खळगे मोजतो. त्याचे चाळीस भरतात. मग दोघं परत मोजतात.

गंजही परत आणला. 'तिने काजळी पुसली' असं वाक्य होतं. आता 'तिने नखाने गंजाचा पापुद्रा उचलला' आहे. पापुद्र्याखाली एक खळगा निघतो, एक्केचाळिसावा. हे काजळीत सुचलंच नसतं. (आयडी बदलावा लागणार.)

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. मूळ कथेत युद्धाबद्दल एक शब्द लिहावा लागला नव्हता. त्या लढाईचं नाव घेतलं की वाचकाला किती मेले, कोण फितूर झालं, सगळं माहीत. आता ते नाव नाही, तर मेलेल्या माणसांचं वजन कुठून आणू? दोन परिच्छेद इतिहास लिहिला, शाळेचं पुस्तक झालं. खोडला.

जुनाट टेप:
इतिहास लिहू नका. कारकुनाच्या पावतीत घाला. जहाजाचं वजन किती, माणसं किती गेली, परत किती. त्याला त्या रकान्यात एक आकडा भरायचा आहे आणि तो भरत नाही.

काजळी:
अरे देवा. हो.

आणि कलमबहाद्दर, करार सापडला. न्यूयॉर्कचा कायदा. 'वर्क मेड फॉर हायर' आहे, दुसऱ्याच पानावर. परत मिळण्याचं कलम नाही. पण शेवटच्या पानावर माझी सही आहे आणि त्यांच्या बाजूची रेघ कोरी आहे. मी सही करून पाठवलेली प्रत आहे ही. त्यांची सही झालेली प्रत मला कधी आलीच नाही, मेल उलटेपालटे करून पाहिले. म्हणजे मी सुटले का?

निवांत:
पार्टी!

कलमबहाद्दर:
थांबा. तुमच्याकडे प्रत नाही म्हणजे त्यांच्याकडे सही झालेली नाही, असं होत नाही. कुठल्या तरी फोल्डरमध्ये असू शकते. शिवाय अर्धं मानधन तुम्ही घेतलंय, तेव्हा 'आमच्यात काही ठरलंच नव्हतं' हे म्हणता येणार नाही. आणि सही खरंच झाली नसली तरी तुमचं होईल ते तुम्ही घातलेलंच. कॅप्टनवाली कथा कुठेही जाणार नाही, कारकूनवालीची वाट मात्र मोकळी होईल.

आता प्रकाशनाच्या कॉन्ट्रॅक्ट विभागाला एवढंच लिहा: 'माझ्या नोंदींसाठी दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली प्रत पाठवावी.' कारण सांगू नका, कथेचा विषय काढू नका. उत्तर येईल ते घेऊन प्रकाशन-करार बघणाऱ्या वकिलाकडे जा. टाय-इन लेखकांची आंतरराष्ट्रीय संघटनाही आहे, तिथे असले अनुभव असलेले लोक भेटतील. तोवर दोन्ही फाइली कुठेही टाकू नका. इथेही नाही. अंतराळवेडी, व्यनितही नाही.

अंतराळवेडी:
:(

काजळी:
मेल पाठवला. दोन ओळी. उत्तर आलं की धागा वर काढते.

जुनाट टेप, पावतीत तीन रकाने केलेत. तिसरा त्याने कोरा ठेवलाय.