अँटेनाचं नंतर बघू, आधी मेन स्विच बंद करा

हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) S७ इतका, म्हणजे सिग्नल-मीटरवर बराच वर जाणारा गोंगाट येतो, अशी एकाची तक्रार आहे; त्यावर अँटेना उंच करा, असा सल्ला दिला गेलाय. मला तो पटत नाही. गोंगाट घरातूनच येत असेल तर उंचीने फारसा फरक पडणार नाही.

रिग (रेडिओ संच) बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. गोंगाट पडला तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत रिगचा सिग्नल-मीटर बघा. बहुतेकदा स्वस्तातला एलईडी बल्ब, बिनब्रँडचा चार्जर किंवा सोलरचा इन्व्हर्टर सापडतो. यांतल्या स्विचिंग सर्किटची वारंवारता काही दहा किलोहर्ट्झची असते, पण तिच्या हार्मोनिक्स (तिच्या पटीतल्या वारंवारता) पार एचएफपर्यंत, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यापर्यंत पोचतात. म्हणून बँडवर ठरावीक अंतराने घरघरणारे ढिगारे दिसतात. असा बल्ब उघडून बघा: अनेकदा गोंगाट अडवणाऱ्या इनपुट फिल्टरची कॉइल आणि कपॅसिटर बसवायची जागा पीसीबीवर छापलेली असते, पण भाग लावलेलेच नसतात. चार पैसे वाचवायला केलेला हा उद्योग, आणि भोगतो आख्खा बँड. याचा मला खरंच राग येतो.

चार्जरच्या वायरीला ३१ मिक्सच्या (फेराइटचा एक प्रकार) फेराइट रिंगवर आठ-दहा वेढे द्या. वायरीला नुसता एक क्लिप-ऑन फेराइट अडकवून ७ मेगाहर्ट्झवर विशेष काही होत नाही.

गोंगाट शेजारून येत असेल तर छोटा एएम रेडिओ घेऊन माग काढा आणि सरळ जाऊन बोला; सोबत चांगला बल्ब न्या. त्यानेही भागलं नाही तर वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे (रेडिओ लहरींवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) लेखी तक्रार करा, वेळ आणि वारंवारतेच्या नोंदींसकट.