इंग्रजीतला 'डॉन' आपल्या 'दिन'चा भाऊ की नुसता शेजारी?

झुंजुमुंजू:
डॉन म्हणजे पहाट (गुंडांच्या डॉनला इथे प्रवेश नाही). हा शब्द 'डे'च्या घरातला, यावर वाद नसावा. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. लॅटिनमध्ये 'दिएस', संस्कृतात 'दिन', 'दिवस', इंग्रजीत 'डे', 'डॉन'. अर्थ एक, ध्वनी जवळचे. हे सगळं एकाच मुळाचं आहे.

खडूफळा:
साफ असहमत. 'दिएस' आणि 'दिवस' एका मुळाचे, 'डे' नाही. संस्कृतातला अस्सल 'द' इंग्रजीत 'ट' होऊन येतो: दश-टेन, द्वि-टू, दंत-टूथ. याकोब ग्रिमने (हो, परीकथावालाच) 1822 मध्ये हा नियम मांडला. 'दिव्' धातूचा इंग्रज नातेवाईक हवाच असेल तर 'ट्यूसडे'त बघा. तो वार टीव या देवतेचा, आणि टीव म्हणजे आपल्या 'देव' शब्दाचाच भाऊबंद.

झुंजुमुंजू:
मग द्वार-डोअर? दुहिता-डॉटर? तिथे तुमचा ग्रिम झोपला होता का?

खडूफळा:
त्या दोन्हींत मूळ ध्वनी 'ध' होता, आणि 'ध'चा इंग्रजीत 'ड' होतो. ग्रीकमध्ये 'थुरा' आणि 'थुगातेर' आहे, 'द' नाही. 'दुहिता'त पुढच्या महाप्राणामुळे (म्हणजे 'ह' मिसळलेल्या ध्वनीमुळे) आधीच्या 'ध'चा 'द' झाला. हे दाखवणारा हेर्मान ग्रासमान मुळात गणिती, आणि ऋग्वेदाचं जर्मन भाषांतरही त्याने केलंय! 'दह्' धातूचंही तेच: 'दहति', पण भविष्यकाळात 'धक्ष्यति'. म्हणून 'डे'ची सोयरीक काही अभ्यासक 'दाह', 'निदाघ' (उन्हाळा) यांच्याशी जुळवतात. दिवस म्हणजे तापायची वेळ.

निशाचर:
त्यावरही एकमत नाही, तेव्हा 'दाह'ची आमंत्रणपत्रिका छापू नका. आणि 'डॉन'मधल्या 'न'चं काय? जुन्या इंग्रजीत 'उजाडणे' याला 'डागियन' असं क्रियापद होतं, त्याचं पुढे 'डॉइंग' झालं. मग 'डॉनिंग' आलं, बहुधा स्कँडिनेव्हियन 'डाग्निंग'च्या प्रभावाने. 'डॉनिंग'चं शेपूट तोडून 15व्या शतकात 'डॉन' हे क्रियापद बनलं, आणि पहाट या अर्थाचं नाम तर थेट 16व्या शतकाच्या अखेरीस. तो 'न' उत्तरेकडून आलाय, 'दिन'मधून नाही.

झुंजुमुंजू:
शेपूट कुठूनही येवो, मी धडाबद्दल बोलतेय. नियम माणसांनी नंतर काढले, शब्द आधीपासून होते. तुमचा 'दाह' पटण्याइतकाच मला माझा 'दिन' पटतो.

खडूफळा:
पटण्याचा प्रश्नच नाही. नियम टेनला चालतो, टूथला चालतो आणि डेपाशी येऊन अडतो, असं कसं?

ओसरी:
भांडणात 'उषा'ला विसरलात. तिचं इंग्रजीतलं गोत्र पक्कं आहे: 'ईस्ट' आणि 'ईस्टर'. लॅटिन 'ऑरोरा'ही त्याच घरची. म्हणजे आपल्या पहाटेचा नातलग इंग्रजीत एक दिशा होऊन बसलाय. मला तर व्युत्पत्तीपेक्षा वापर जास्त गमतीचा वाटतो. आपण 'उजाडलं' म्हणतो, कोण उजाडलं ते सांगत नाही. इंग्रजीतही या क्रियापदाला कर्ता म्हणून नुसतं 'इट' लावतात. एखादी गोष्ट उशिरा लक्षात आली की तेही 'डॉन' वापरतात, आपल्या डोक्यातही उजेडच पडतो.

निशाचर:
ओसरीताई, +१. शेपटांचा विषय निघालाच आहे तर 'मॉर्निंग'मधलं 'इंग'ही स्वतःचं नाही. आधी नुसतं 'मॉर्न' होतं. 'इव्हनिंग'कडे बघून ते जोडलं गेलं.