मदत हवी आहे: पिवळ्या दिव्यावर मॉडेल सगळ्यांना 'सुटली' म्हणतंय

घाईत_आहे: बीईचा प्रोजेक्ट. चौकातल्या व्हिडिओवरून डेटा काढलाय, डिसिजन ट्री (एकेक प्रश्न विचारत फांद्या पाडणारं मॉडेल) लावलाय. गाडी थांबेल की सुटेल, हे ओळखायचंय. ॲक्युरसी नव्वदच्या आसपास, पण थांबलेली एकही धड ओळखत नाही. कोणता अल्गोरिदम वापरू? परवा रिव्ह्यू आहे, प्लीज लवकर!

आकडेमोड: थांबलेल्या किती? कॉलम कोणते? सिग्नलला सेकंदांचा आकडा आहे का?

घाईत_आहे: दहात एक थांबते. पिवळा लागतानाचा वेग, अंतर, गाडीचा प्रकार. आकडा आहे, त्याचा काय संबंध? कर्वे रोडवरचा चौक आहे.

निवांत_कोथरूड: कर्वे रोड कशाला? प्रभात रोडने जात जा, संध्याकाळी बरा पडतो.

आकडेमोड: संबंध कसा नाही? आकडा दिसला की लोक हिरव्यातच ठरवतात, मूठ पिळायची की सोडायची. हिरवा संपायच्या आधीचाही वेग घ्या. आणि दहात नऊ सुटतात, तर डोळे मिटून 'सुटली' म्हटलं तरी नव्वद टक्के. ॲक्युरसी सोडा, थांबलेल्यांचा रिकॉल बघा, म्हणजे खरंच थांबलेल्यांपैकी मॉडेलने किती ओळखल्या. त्यांना वेट जास्त द्या, म्हणजे त्या चुकल्या की मॉडेलला जास्त महागात पडेल.

जुना_सिव्हिल: ट्री-बिट कशाला? गॅझिस, हर्मन आणि मॅराडुडिन यांनी १९६० मध्येच डायलेमा झोनचं, म्हणजे जिथून धड थांबताही येत नाही आणि धड सुटताही येत नाही त्या पट्ट्याचं, गणित मांडलंय. ताशी ४० किमी वेग, प्रतिक्रियेला १ सेकंद, ब्रेक ३ मीटर प्रति सेकंद वर्ग धरला तर पिवळा ३ सेकंदांच्या आसपास लागतो. वर लॉजिस्टिक रिग्रेशन (थांबण्याची शक्यता काढणारं सूत्र), विषय संपला.

आकडेमोड: काका, ते गणित लेन धरून चालणाऱ्या एकेका गाडीचं. आपल्याकडे स्कूटर बसच्या बगलेतून पुढे येते. दुचाकीचा नियम वेगळा, बसचा वेगळा, हे ट्री आपोआप फोडतो.

जुना_सिव्हिल: लॉजिस्टिकमध्ये इंटरॅक्शन टर्म टाकता येते, म्हणजे वेगाचा परिणाम गाडीच्या प्रकाराप्रमाणे बदलतो, हे शिकवत नाहीत वाटतं हल्ली.

रिक्षा_स्टँड: चौकात मामा उभे होते का, ते लिहिलंय का कुठे? निम्मे त्यांना बघूनच थांबतात.

आकडेमोड: हसू नका, हा कॉलम खरंच हवा. आणि पुढची थांबली म्हणून थांबलेल्या गाड्या काढल्यात का? त्यांनी काहीच ठरवलेलं नसतं.

घाईत_आहे: त्या काढल्या तर थांबलेल्या उरतील किती? मामांसाठी सगळा व्हिडिओ परत बघू?

आकडेमोड: हो. २एक्सवर बघा.

निवांत_कोथरूड: प्रभात रोडलाही मामा असतात, बरं का.