फुफ्फुस काढावंच लागतं असं नाही

ताई, ‘श्वासनलिकेत गाठ म्हणजे त्या बाजूचं फुफ्फुस गेलंच’ असं तुम्ही लिहिलंय, ते दर वेळी खरं नसतं. मुलांत या गाठी दुर्मीळ, आणि त्यांतल्या बऱ्याच कार्सिनॉइड किंवा म्युकोएपिडरमॉइड प्रकारच्या, म्हणजे सहसा सावकाश वाढणाऱ्या. जागा सोयीची असेल तर ‘स्लीव्ह रिसेक्शन’ होतं: गाठीसकट नळीचा तेवढाच तुकडा कापायचा, बाहीचा मधला भाग काढावा तसा, आणि उरलेली टोकं एकमेकांना शिवायची. पुढचं फुफ्फुस शाबूत. ब्रिटिश सर्जन क्लेमंट प्राइस थॉमस यांनी १९४७ मध्येच हे केलं होतं. मुलांची नळी मात्र बारीक. शिवणीपाशी ती आक्रसत नाही ना, हे नंतरही दुर्बिणीतून पाहत राहावं लागतं.

आमच्या भाच्याला दीड वर्ष दम्याचा पंप चालू होता. (मुंबईत खोकला म्हणजे धूळ, दमा नाहीतर टीबी, चौथं काही कुणाला सुचतच नाही.) त्याच बाजूला तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला तेव्हा कुठे सीटी आणि ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) झाली, आणि गाठ कळली.

परळला टाटात दाखवायला जाल तेव्हा नुसते रिपोर्ट नकोत, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या.