कमानपाट्याच्या सुरीला खांडे का पडायलेत?

प्रश्न (लातूर):
ट्रॉलीच्या जुन्या कमानपाट्यातून (चाकावर धक्के झेलणारी पोलादी पट्टी) भाजीची सुरी घडवून घेतली. पातं 7 इंच, पाठ 3 मिमी. पाणी पाजून (लाल तापवून पाण्यात बुडवून) लगेच धार लावली. डांगर चिरलं की धारेला खांडे पडायलेत. मुठीजवळ केसाएवढी चीरही दिसायली. पोलादच हलकं निघालं का?

उत्तर 1:
पोलादाला नावं ठेवू नका. कमानपाट्यात साधारण 0.6 टक्के कार्बन असतो, सुरीला पुरतो. पाणी पाजल्यावर शेकायचं, म्हणजे परत बेतानं तापवायचं, राहिलंय. नुसतं पाजलेलं पातं काचेसारखं, कडक पण ठिसूळ. ओव्हनमध्ये 200 अंशांवर 2 तास ठेवा, गार होऊ द्या, परत 2 तास. आधी घासून चकचकीत करा म्हणजे रंग दिसतो. वाळल्या कडब्यासारखा फिकट पिवळा आला की बास. निळा चढला तर धार मऊ पडून दुमडते. चीर मात्र शेकून जात नाही. ही सुरी भंगारातच घाला, नवी केली की ती अशी शेका.

उत्तर 2:
चिरेचं कारण बहुतेक पाणी. ‘पाजणं’ म्हणतात म्हणून पाणीच हवं असं नाही, हे पोलाद तेलात विझवायचं. उभ्या पत्र्याच्या डब्यात 4-5 लिटर करडईचं तेल, 55-60 अंशांपर्यंत तापवलेलं. गार तेल घट्ट असतं, पात्याभोवती नीट खेळत नाही. जळकं इंजिन ऑइल स्वयंपाकाच्या सुरीला नकोच. भट्टी सावलीत असू द्या, आपल्याकडच्या उन्हात लाल रंग कळत नाही. 770 अंशांच्या आसपास पात्याला चुंबक चिकटेनासं होतं, त्यानंतर अजून जरा उजळू द्या आणि टोक खाली धरून सरळ बुडवा. तिरपं बुडवलं तर पातं वाकतं. तोवर धारेची कड दीड मिमी जाड राहू द्या. तेल पेटलं तर झाकण टाका, पाणी मारू नका. गार झाल्यावर वरचा काळा थर काढून कानस फिरवा. घसरली तर पातं कडक झालं, रुतली तर परत तापवा.

प्रश्नकर्ता:
मग पाटा जुनाच घ्यावा का दादा?

उत्तर 3:
नको. भार झेलून जुन्या पाट्यात न दिसणाऱ्या भेगा पडतात, पाजताना त्या उघडतात. पाटे बसवणाऱ्याकडे नव्याचा तुकडा मागा, मधल्या भोकाची जागा सोडून. शेकल्यावर ग्राइंडरवर धार लावताना दर फेरीला पाण्यात बुडवा, बोटाला चटका बसेल इतकं तापू देऊ नका. डांगरासाठी दोन्ही बाजूंनी 20 अंश, नुसत्या कांदा-कोथिंबिरीला 15 चालतात. हे पोलाद गंजतं. लिंबू, चिंच लागली की लगेच धुऊन पुसा.