प्रतिसाद: ‘कधीतरी पुढं’ कशाला?

मातीतल्या जिवाणूंपासून कॅन्सरची औषधं ‘कधीतरी पुढं’ मिळतील, असं मूळ लेखात म्हटलंय. पुढं कशाला, ती सलाइनमधून केव्हाच चढतायत! अॅक्टिनोमायसिन हे असंच एक औषध, सापडलं १९४० साली. इटलीत कास्तेल देल मोंतेजवळच्या मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून आधी डॉनोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध मिळालं, मग त्याच जिवाणूच्या बदललेल्या वाणापासून डॉक्सोरुबिसिन.

इथं कोल्हापुरात आमच्या काकूंना हे डॉक्सोरुबिसिनच लावलं होतं. कोकम सरबतासारखं लालभडक. लघवीही लाल होईल, घाबरू नका, हे सिस्टरनी आधीच सांगितलं ते बरं, नाहीतर घरात बोंबच उठली असती. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) मात्र डॉक्टर चुकवू देत नव्हते. हे औषध हृदयाच्या स्नायूला इजा करतं आणि डोसागणिक धोका वाढत जातो, म्हणून आयुष्यभरात एकूण किती द्यायचं यालाच मर्यादा असते.